ज्यूडचा पत्ता

दर मंगळवारी संध्याकाळी सहाला वेरोना हुडाक बंबखान्याच्या हॉलचं दार लाथेने उघडायची. दोन्ही हातांत लोण्यात परतलेल्या कोबी-शेवयांचा ट्रे असायचा आणि आत बसलेल्या नऊ पुरुषांपैकी एकाच्याही बुडाला उठायची घाई नसायची.

"दार उघडायला हात आहेत की गळून पडले? उद्या गावात आग लागली तर काय, आगीनेच येऊन बेल वाजवायची का रे?"

"टेटा वेरोना आल्या," बंबाचा मुख्य एमिल साबो हसत उठायचा. त्या गावात आपल्यापेक्षा वडील बाई म्हणजे टेटा, मग ती आत्या असो, मावशी असो, नाहीतर नुसती शेजारीण.

हार्लन फेरी गावातली पोलादाची गिरणी बंद पडून तीस वर्षं झाली, शाळा शेजारच्या गावाने गिळली, पण मंगळवार टिकला. हॉलच्या मागच्या भिंतीवर बुचाची मोठी पाटी आणि तिच्यावर दहा जणांचे दहा रकाने. रकान्यात चौदा पत्ते टाचणीने टोचलेले आणि पत्त्यावर एकेका खऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूचं नाव. रविवारी तो खरा गडी चेंडू हातात घेऊन मैदानात जितका पळेल, तितके गुण इथे पत्तेवाल्याच्या नावावर. म्हणजे घाम त्याचा आणि मिशीला ताव यांचा. जगभर लोक हाच खेळ मोबाईलवर खेळतात. इथे पाटीच. कारण मोबाईलवर खेळायचं तर समोरच्याचं पडलेलं तोंड बघायला मिळत नाही.

नियमही यांचे यांचेच. जखमी गड्यासाठी वेगळी जागा नाही. पाय मोडलेला धरलात तर चौदातली एक जागा तो अडवणार. काढलात तर भर मंगळवारी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने टाचणी उपसायची. मग उरलेल्या नऊ जणांना एमिल एकेक करून विचारणार, हवा का? ज्याला हवा त्याने न्यावा. नको असेल तर "नको" असं तोंडाने म्हणायचं. नऊ "नको" झाले की पत्ता काउंटरवरच्या बिलं टोचायच्या खिळ्यावर. तिथून परत कुणी येत नाही. आणि हंगामाअखेर जो शेवटचा, त्याने ईस्टरआधीच्या उपासाच्या सगळ्या शुक्रवारी, मांस वर्ज्य म्हणून हॉलात मासे तळतात, त्या कढया घासायच्या.

वेरोनाने ती कढई कधी घासली नव्हती. नवरा ओंड्री गेला तेव्हा त्याचा रकाना रिकामा होणार म्हणून लोक हळहळले होते. तर ही मयताच्या पुढच्याच मंगळवारी येऊन त्याच्या खुर्चीत बसली. "माणूस गेला, रकाना नाही गेला," म्हणाली. त्याला एकोणीस वर्षं झाली. शाळा तिची सहावीत सुटली होती. आकडेबिकडे तिला कळत नसत. तिची विद्या निराळी. टीव्हीवर सामना संपला की बाकीचे ग्लास उचलून उठायचे आणि ही खुर्ची पुढे ओढायची. खेळाडू मैदान सोडून बोगद्यातल्या पायऱ्या उतरतात, तेवढं तिला बघायचं असे.

"पळताना माणूस सोंग करू शकतो," ती म्हणायची. "जिना उतरताना नाही."

गिरणीतून घरी येणाऱ्या माणसांच्या पायऱ्या बघत तिचं आयुष्य गेलं होतं. कुणाची कंबर गेली, कुणाचा गुडघा, हे त्यांच्या बायकांच्या आधी हिला कळायचं. जखमी गडी कधी काढायचा यात एकोणीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. लोक म्हणायचे, वेरोनाने काढला ना, मग तो संपला. तिला ते ऐकून बरं वाटायचं. कशाला खोटं बोला?

या वर्षी मात्र तिच्या रकान्यात वरून तिसरा पत्ता नऊ आठवडे लाल टाचणीवर होता. लाल म्हणजे जखमी. नाव ज्यूड हुडाक. तिचा नातू.

ज्यूडला तिनेच वाढवला. आई दक्षिणेत कुठेतरी नवा संसार करून बसली होती, बाप गाडीखाली गेला. आजीची अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात म्हणून तिचे सगळे पत्ते तो तिसरीत असल्यापासून लिहून द्यायचा. चार वर्षांपूर्वी मोठ्या संघाने त्याला घेतलं तेव्हा त्याने स्वतःच्याच नावाचा पत्ता लिहिला, शाईवर फुंकर मारली आणि तिच्या हातात दिला. "घे आजी. गसने उचलायच्या आत टोच."

गस पावलिक म्हणजे गावची दवंडी. वेरोनाच्याच वयाचा, ओंड्रीबरोबर भट्टीवर काम केलेला. तोंड असं की आधी बोलायचा, मग ऐकायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी ज्यूडचा डावा गुडघा गेला. आधी शस्त्रक्रिया, मग कुबड्या, मग व्यायाम. संघ म्हणाला, हंगामाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत बघू. दर मंगळवारी सातला हॉलच्या स्वयंपाकघरातला भिंतीवरचा फोन वाजायचा, कारण वेरोना खिशात फोन बाळगत नसे. तिकडून ज्यूड विचारायचा, "आजी, धरलंयस ना मला?"

"धरलंय. मोठा आलास. तुझ्यापायी त्या गसकडून हरले मी."

"अजून थोडे दिवस."

ऑक्टोबरात तो तीन दिवसांसाठी घरी आला. चालत होता बरा. हसत होता. अंगणात दोन पावलं पळूनही दाखवलं. वेरोनाने त्याला तळघरातून आंबवलेल्या कोबीची बरणी आणायला पाठवलं आणि दाराशी उभी राहिली.

एक पायरी. दुसरा पाय तिथेच. मग पुढची पायरी. एक हात भिंतीवर. लहान मूल उतरतं तसा उतरला. तेराच पायऱ्या होत्या, पण तिला वाटलं, विहीर आहे की काय खाली.

बरणी घेऊन वर आला तेव्हा कपाळावर घाम होता. तिचं तोंड बघून तो दाराच्या एक पायरी खालीच थांबला.

"बघितलंस होय."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टर म्हणतो, निवृत्तीच्या कागदावर सही कर, उपचार घे, घरी जा. परत जोरात पळलास तर चाळिशीआधी काठी लागेल."

"मग?"

ज्यूडने बरणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला ठरवता येत नाही गं. सकाळी वाटतं संपलं, दुपारी वाटतं नाही संपलं. तू ठरव. तुला कळतं. ज्या मंगळवारी तू माझा पत्ता काढशील, त्या मंगळवारी मी सही करीन. तोवर नाही."

"वा रे वा! पाय तुझा आणि निकाल मी द्यायचा?"

"तू कधी चुकत नाहीस, आजी."

तिने त्याच्या हातातून बरणी हिसकावली. "जा, ताटं मांड," एवढंच म्हणाली. त्याला तेव्हाच सांगायचं होतं. जिना तिने बघितला होता, शंकेला जागा नव्हती. पण तो तीन दिवस घरात होता, खात होता, ओंड्रीच्या खुर्चीत बसत होता. घरात आलेल्या माणसाच्या ताटातून घास कोण ओढतं? मंगळवारी सांगू, असं तिने ठरवलं.

मंगळवार आला. तिने काढला नाही. पुढच्याही नाही. दर वेळी टाचणीपर्यंत हात जायचा आणि मग "अजून थोडे दिवस" आठवायचं. चौदातल्या एका जागेवर बिनपळता गडी, सहा रविवार ओळीने हार, रकाना घसरत घसरत गसच्याही खाली. अख्खा हॉल बघत होता. गावातल्या प्रत्येकाचं लक्ष त्या एका लाल टाचणीवर होतं, कारण टेटा वेरोनाने धरलंय म्हणजे पोरात अजून काहीतरी आहे, असा सरळ हिशोब होता.

बारावा आठवडा तोंडावर आला. त्या मंगळवारी वेरोना सात वाजायला पाच मिनिटं असताना आली आणि ट्रे आणला नाही. चर्चचा कोट घातला होता. दार हाताने उघडलं. रात्रभर जागून तिने एकच गोष्ट पक्की केली होती: आज काढायचा. पोरगं रडेल, महिनाभर बोलणार नाही, पण दोन पायांवर उभं राहील.

ती सरळ पाटीपाशी गेली. लाल टाचणी उपसली. पत्ता हातात घेतला. चार वर्षांत त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. मागे खुर्च्यांचा आवाज थांबला.

तेव्हा गस बोलला.

"अखेर! मी महिन्यापूर्वीच म्हटलं होतं ना रे? याच टेबलावर म्हटलं होतं. हुडाकांचं पोर संपलं. म्हातारीला कळतं सगळं, पण नाक केवढं! नाकासाठी शेवटचा नंबर घेईल, पण गस पावलिक बरोबर होता असं म्हणायची नाही."

"गस, गप," एमिल म्हणाला.

"का गप? चांगलं करतेय ती. काढ बाई, काढ. उपासाच्या शुक्रवारी कढया कशा घासायच्या ते मी शिकवतो तुला. मला सवय आहे."

दोघंतिघं हसले. वाईट मनाने नव्हे. गस बोलला की हसायचं, एवढीच सवय.

वेरोना वळली. कानशिलं तापली होती. "संपलं म्हणणारा तू कोण रे? ओंड्री भट्टीपाशी उभा राहायचा तेव्हा तू पाठीमागे डबा खात बसायचास. ज्याला स्वतःच्या पँटचा पट्टा ओढता येत नाही, त्याने माझ्या नातवाचा गुडघा सांगायचा?"

"मग काढतेयस कशाला?"

"कोण म्हणतं काढतेय? टाचणी ढिली झाली होती."

आणि तिने पत्ता जागच्या जागी टोचला. अंगठ्याने दाबून. टाचणी बुचात डोक्यापर्यंत गेली.

बरोबर सातला फोन वाजला. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये वाढायची खिडकी आहे, तिला दार नाही. पलीकडे नऊ माणसं, पहिल्या खुर्चीत गस. तिने फोन कानाला लावला.

"आजी, धरलंयस?"

खिडकीतून गस बघत होता. बाकीचेही बघत होते.

"धरलंय," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने.

तिकडून मोठा श्वास ऐकू आला. "उद्या सरावाला उतरवतायत मला. पूर्ण वेगाने. उद्या जमलं तर रविवारी खेळवतील. मी आज ठरवलं होतं, तू काढलास तर रात्रीच सही करायची. कागद इथं समोर ठेवलाय." तो हसला. "मग पळतो ना उद्या?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता. तो शब्द तोंडात आलाही होता. पण नऊ माणसांसमोर टाचणी डोक्यापर्यंत दाबून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"पळ," वेरोना म्हणाली.

बुधवारी दुपारी त्याचा गुडघा पुन्हा गेला. कुणी पाडला नाही, कुणी अडवला नाही. सरळ रेषेत पळत होता, आसपास माणूस नव्हता. एमिलने घरी येऊन सांगितलं. तो दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला तेव्हा तिने त्याला बोलूच दिलं नाही. "किती गेला?" एवढंच विचारलं.

"सगळा, टेटा."

शनिवारी ज्यूड घरी आला. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांत. संघाने त्याला मोकळं केलं होतं. डॉक्टरने काठीचं वय चाळीसवरून खाली आणलं होतं. आता वय नव्हतंच, काठीच होती. तळघर सोडा, त्याला पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या चढवायला दोन बंबवाले लागले. ओंड्रीच्या खुर्चीत बसला. आजीला एक शब्द बोलला नाही वाईट. तिला वाटत होतं बोलावं. शिव्या द्याव्या. तिने मुद्दाम कळ काढून पाहिली, "कॉफी पाणचट झालीय, पिऊ नकोस," म्हणाली. तो म्हणाला, "चांगली आहे."

मंगळवारी ती हॉलात गेली. ट्रे घेऊन गेली, कारण माणसांनी खायला हवंच. आज दार आतून कुणीतरी तिच्या आधी उघडलं. त्याचंच तिला जास्त लागलं.

लाल टाचणी निघेना. गेल्या मंगळवारी तिनेच डोक्यापर्यंत दाबली होती. एमिल पक्कड घेऊन पुढे झाला, तिने त्याला कोपराने बाजूला केलं. नखाने उकरून काढली. नख तुटलं.

"ज्यूड हुडाक," तिने पत्ता एमिलच्या हातात दिला. "काढला."

एमिल पत्त्याकडे बघत राहिला. "टेटा, विचारायची काही गरज नाही. मी सरळ—"

"नियम आहे. विचार."

एमिलने घसा खाकरला. पहिल्याकडे बघितलं. "हवा का?"

"नको," पहिला म्हणाला.

"नको."

"नको," तिसरा टेबलाकडे बघत म्हणाला.

प्रत्येक "नको" आधीच्यापेक्षा हळू येत होता. याच लोकांनी त्याला या हॉलात टेबलांखालून रांगताना पाहिलं होतं. सातवा म्हणाला तेव्हा ओठच हलले, एमिलने पुन्हा विचारलं नाही. आठव्या नंबरला स्वतः एमिल, तो म्हणाला, "माझाही नको."

उरला गस.

गसने मान हलवली. खाली बघत, बुटाच्या नाडीकडे.

"तोंडाने म्हण," वेरोना म्हणाली.

"वेरोना, मी गेल्या मंगळवारी जे..."

"ते नाही विचारलं. तोंडाने म्हणायचं असतं. जन्मभर चाललंय ना ते तोंड? माझ्या नवऱ्याच्या मयतातसुद्धा बंद नव्हतं. आज काय झालं?"

गसच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिला नको होतं. गस रडून मोकळा होणार आणि चिखल तिच्या घरात.

"मी घेतो तो," गस एकदम म्हणाला. "एमिल, दे इकडे. माझ्या रकान्यात राहू दे. मी शेवटचा येईन, मला सवय आहे."

"तू कोण दया दाखवणारा?" तिचा आवाज चिरकला. "तो आता खेळाडू नाही. धरायला आता काही नाही तिथे. धरलं म्हणूनच..." ती थांबली. ट्रेवरच्या कागदाची कडा तिने सारखी केली. "म्हण, गस. मी सांगते म्हणून म्हण."

बाहेरून बर्फ खरडणारी गाडी गेली.

"नको, वेरोना," गस म्हणाला.

एमिलने पत्ता काउंटरच्या खिळ्यावर ठेवला, पण दाबला नाही. वेरोनाने दाबला. नावाच्या मधोमध गेला खिळा. मग तिने ताटं मांडली आणि नऊ जणांना वाढलं. सगळ्यांनी खाल्लं. सातला फोन वाजला नाही. वाजणार कसा, तो घरीच होता. तरी सात वाजता सगळ्यांचे चमचे थांबले.

बुधवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर पीठ लाटत होती. हॉलातल्या शुक्रवारच्या जेवणाला दोनशे पिरोगी लागायच्या. ज्यूड समोर बसून बटाट्याचं सारण भरत होता आणि करंजीच्या काठासारखे काठ चिमटीने दाबत होता. पाय बाकड्यावर सरळ ठेवलेला. हात त्याचे चांगले चालत होते.

"काढलास काल?" त्याने विचारलं.

"काढला."

"कुणी उचलला?"

खोटं बोलायची सोय होती. गसने मागितला होता, हेही खरंच होतं. तेवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"नाही," ती म्हणाली.

ज्यूडने मान डोलावली. एक पिरोगी ताटात ठेवली, दुसरी घेतली. त्याचा हात थांबला नाही. ती त्या हातांकडे बघत राहिली.

"मी ऑक्टोबरातच बघितलं होतं," ती म्हणाली. "तळघराच्या जिन्यावर. मला तेव्हाच कळलं होतं."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू बघितलंस ते. मीही बघत होतो तुझ्याकडे." त्याने बोटांवरचं पीठ झटकलं. "म्हणून तर तुझ्यावर टाकलं. वाटलं, तू धरतेयस म्हणजे मला दिसतं त्याहून काहीतरी जास्त दिसत असणार तुला."

लाटणं तिच्या हातातच राहिलं. एकोणीस वर्षं ती चुकली नव्हती. गावाचा विश्वास होता. पोराचा त्यांच्याहून जास्त होता. आणि त्या मंगळवारी तिला गसच्या तोंडापलीकडे काहीच दिसत नव्हतं. हे त्याला सांगायला हवं होतं. टाचणी उपसली होती, पत्ता हातात होता, आणि दोघातिघांच्या हसण्यावर तुझा पाय गेला, असं. तिने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही निघालं नाही.

"तुझ्या रकान्यात जागा रिकामी झाली असेल," ज्यूड म्हणाला. "या रविवारसाठी उद्या दुपारच्या आत भरायला हवी. कुणाला घेतलंस?"

"कुणाला नाही. राहू दे रिकामी."

"शेवटची येशील. कढया घासाव्या लागतील."

"घासीन. हात झिजत नाहीत माझे."

"उगाच काय!" तो मागे वळला, खिडकीत पत्त्यांचा खोका होता तिकडे हात लांबवला. पोचेना. उठायला गेला आणि परत बसला. मग तिनेच खोका आणि पेन त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने पिठाचे हात पँटला पुसले आणि मोठ्या, सरळ अक्षरांत एक नाव लिहिलं. लिहून शाईवर फुंकर मारली.

"हा कोण?" वेरोनाने विचारलं.

"माझ्या जागी पळतो तो. बावीस वर्षांचा आहे. रविवारी दोनदा चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली त्याने. कुणी उचलला नाहीये अजून, घे."

तिने पत्ता हातात घेतला. शाई ओली होती. तिला नाव नीट वाचता येईना. चष्मा नाकावरच होता.

"याचा गुडघा कसा आहे?"

ज्यूडने पुढची पिरोगी हातात घेतली, काठ जुळवले आणि दाबायला लागला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "जिना उतरताना बघितलाय मी त्याला."